विकल्प

२०२१ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट आहे. माझा एक जुना विद्यार्थी संध्याकाळी घरी आला. मराठी घेऊन एम.ए. झालेला, सेट उत्तीर्ण आणि इतर अनेकांप्रमाणे एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवणारा. करोनाकाळात त्याच्या तासिका थांबल्या होत्या. आधीच्या तासिकांचे मानधनही अडकले होते. त्या दिवसांत तो इंग्रजीतून मराठीत अनुवादाची मिळतील ती कामे करीत होता, शब्दाला साठ पैसे या दराने. पिशवीतून त्याने छापील कागदांचा एक गठ्ठा काढून माझ्यासमोर ठेवला. बत्तीस पाने होती. वर शीर्षक होते : ‘बायनरी ऑप्शन्स आणि स्वयंचलित ट्रेडिंग : एक परिचय’.

“मॅडम, विषयाचं काही बघू नका,” तो म्हणाला. “तो मलाही नीट कळलेला नाही. भाषा तेवढी बघून द्या.”

मी भाषा तेवढी बघून दिली. हा लेख त्याविषयी आहे.

तीन संध्याकाळी मी त्या पानांवर घालवल्या आणि कबूल करायला हवे की त्या आनंदात गेल्या. पहिला प्रश्न शीर्षकाचाच होता. विद्यार्थ्याने ‘बायनरी’ला कुठे ‘दुहेरी’, कुठे ‘द्वयंक’ असे शब्द वापरले होते. गणिताच्या पाठ्यपुस्तकांत ‘द्विमान पद्धती’ हा शब्द रुळलेला आहे. तो मी घेतला. ‘ऑप्शन’साठी ‘विकल्प’. द्विमान विकल्प! शब्द जुळला तेव्हा एखादे यमक सापडावे तसे वाटले. ‘विकल्प’ हा आपल्याकडे मोठा अर्थभरला शब्द आहे. पर्याय हा त्याचा एक अर्थ. पण ‘मनात विकल्प येणे’ म्हणजे शंका येणे, विश्वास डळमळणे. ‘मनात विकल्प आणू नकोस’ हे आमच्या घरातल्या थोरल्या बायकांच्या तोंडचे नेहमीचे वाक्य. या दोन अर्थांच्या खेळाने मी इतकी खूश झाले की पहिल्या प्रकरणाच्या आरंभी मूळ इंग्रजीत नसलेले एक वाक्य मी स्वतःच लिहून टाकले : ‘विकल्प म्हणजे शंका नव्हे, विकल्प म्हणजे निवड.’

परिचय नावाप्रमाणे सोपा होता. सोने, डॉलर, एखादा निर्देशांक, काहीही घ्या. पुढच्या एका मिनिटाने, पाच मिनिटांनी किंवा तासाने त्याचा भाव आत्तापेक्षा वर असेल की खाली, एवढेच सांगायचे. वस्तू विकत घ्यायची नाही, विकायची नाही, बाळगायचीही नाही. उत्तर बरोबर आले तर लावलेल्या शंभर रुपयांवर ऐंशी रुपये नफा. चुकले तर शंभर गेले. भाव पैशाने वाढला काय नि शंभर रुपयांनी वाढला काय, फळ तेच. ‘किती’ हा प्रश्न या व्यवहारातून काढूनच टाकलेला आहे. उरतात फक्त ‘हो’ आणि ‘नाही’. शेवटच्या तीन प्रकरणांत स्वयंचलित व्यवहारांची माहिती होती. आपण झोपलेले असतानाही संगणक भावांवर नजर ठेवतो, ठरवून दिलेल्या खुणा दिसल्या की आपल्या वतीने डाव लावतो, त्याला लोभ नाही, भय नाही, असे त्यात म्हटले होते. ‘रोबो’ हा शब्द विद्यार्थ्याने ठेवला होता. मीही ठेवला.

आता दुरुस्त्यांविषयी. माझ्या तांबड्या पेनाने काय केले ते नेमके सांगायला हवे, कारण माझ्या सगळ्या दुरुस्त्या भाषेच्या दृष्टीने बरोबर होत्या. विद्यार्थ्याच्या कच्च्या अनुवादात एक वाक्य होते : ‘प्रत्येक बरोबर अंदाजावर ८० टक्क्यांपर्यंत नफा मिळू शकण्याची शक्यता असते.’ ‘शकण्याची शक्यता’ ही द्विरुक्ती. वर्गात मी हेच उदाहरण फळ्यावर लिहून विद्यार्थ्यांना हसवले असते. मी वाक्य केले : ‘प्रत्येक बरोबर अंदाजाला ८० टक्के नफा मिळतो.’ सुटसुटीत, ठाम आणि मराठी वळणाचे. दुसरे वाक्य होते : ‘गुंतवलेली संपूर्ण रक्कम गमावली जाण्याचा धोका संभवतो.’ इंग्रजी कर्मणी प्रयोगाचा हा वाह्यात नमुना बत्तीस पानांत चार ठिकाणी आला होता. पुनरुक्तिदोष म्हणून मी तीन ठिकाणचा काढला आणि चौथा, भाषा सुधारून, शेवटच्या पानावर नेला. ‘होऊ शकते’, ‘संभवते’, ‘असे मानले जाते’ या सगळ्या डळमळीत क्रियापदांना मी कात्री लावली. मजकूर वाचनीय झाला. विद्यार्थ्याने वाकून नमस्कार केला आणि पुढच्या आठवड्यात अर्धा किलो पेढे आणून दिले.

त्यानंतर वर्षभराने, २०२२च्या दिवाळीच्या सुट्टीआधी, आमच्या ग्रंथालयातले परिचर मामा पुस्तकांची गाडी ढकलत माझ्या टेबलाशी थांबले. (त्यांना कॉलेजात प्राचार्यांपासून सगळे मामाच म्हणतात.) निवृत्तीला तेव्हा त्यांची दोन वर्षे उरली होती. “मॅडम, जरा एक वाचून सांगता का, यात पैसे परत मिळायचं कुठं लिहिलंय?” म्हणून त्यांनी मोबाइल पुढे केला. पडद्यावर कुणीतरी व्हॉट्सॅपवर पाठवलेली एक पुस्तिका होती. पहिल्याच पानावर पहिले वाक्य : ‘विकल्प म्हणजे शंका नव्हे, विकल्प म्हणजे निवड.’

मामांनी आधी पाच हजार रुपये भरले होते. आठवडाभरात खात्यात सात हजार दिसू लागले. मग फोनवरून गोड बोलणाऱ्या एका ‘मार्गदर्शका’ने रोबो घ्यायला लावला, अधिक रक्कम भरल्यास बोनस मिळेल असे सांगितले. घरावर स्लॅब टाकण्यासाठी पतपेढीत ठेवलेले एक लाख दहा हजार रुपये त्यांनी चार हप्त्यांत भरले. पडद्यावर दोन लाखांच्या वर आकडा दिसत होता, पण काढायला गेले की आधी ‘कर’ भरा असे सांगण्यात येत होते. नंतर मार्गदर्शकाचा फोन लागेनासा झाला. पोलिसांत तक्रार नोंदवली गेली, पण तोवर पैसे भरून तीन महिने लोटले होते.

मी विचारले, “मामा, कुणाला विचारायचं तरी एकदा.”

ते म्हणाले, “इंग्रजीत असतं तर विचारलं असतं मॅडम. एवढं शुद्ध मराठीत लिहिलंय, म्हटलं शिकलेल्या माणसाचं असणार.”

मी त्यांना त्या दिवशी काहीच सांगितले नाही.

त्यानंतर मी तो विषय समजून घेतला. जे आधी करायला हवे होते ते नंतर केले. अर्थशास्त्राच्या सहकाऱ्याने हजेरीपत्रकाच्या मागच्या कोऱ्या पानावर पाच मिनिटांत जे मांडून दाखवले, ते बत्तीस पानांत कुठेही नव्हते. शंभर रुपयांचे शंभर डाव समजा. निम्मे जिंकलात : पन्नास गुणिले ऐंशी, चार हजार आले. निम्मे हरलात : पाच हजार गेले. नाणेफेकीइतके नशीब साथीला असूनही हजार रुपये तोटा. शंभरातली पंचावन्न उत्तरे बरोबर आली तर? चार हजार चारशे आले, चार हजार पाचशे गेले. तरीही शंभराचा तोटाच. फायद्याला सुरुवात होते ती छप्पनाव्या बरोबर उत्तरापासून, आणि तो फायदाही ऐंशी रुपयांचा. एम.ए.ला पंचावन्न टक्के मिळाले तर माणूस प्राध्यापकपदाला पात्र ठरतो. इथे पंचावन्न टक्क्यांना नापास. एका मिनिटात सोने वर जाईल की खाली, याचा अंदाज शंभरात छप्पन वेळा सातत्याने बरोबर देणे माणसाच्या आवाक्यातली गोष्ट नव्हे.

आणि तो रोबो? मामांच्या रोबोची युक्ती जुगाऱ्यांना कित्येक शतके ठाऊक आहे : हरलात की पुढचा डाव दुप्पट. शंभर हरले, दोनशे लावा. दोनशे हरले, चारशे लावा. एकदा जिंकले की सगळे भरून निघते अशी समजूत. पण इथे जिंकल्यावर शंभराला ऐंशीच मिळतात. शंभर, दोनशे, चारशे असे सातशे हरल्यानंतर चौथा आठशेचा डाव जिंकला तर सहाशे चाळीस हाती येतात. जिंकूनही साठ रुपये खाली! सलग आठ डाव हरले तर पंचवीस हजार पाचशे गेले. आठ वेळा ओळीने छापा पडणे दुर्मिळ खरे, पण मिनिटाला एक डाव खेळणारे यंत्र दिवसाला शेकडो डाव टाकते, आणि मग दुर्मिळ ते रोजचे होते. यंत्राला लोभ नाही, भय नाही, हे वाक्य मीच तपासले होते. त्याला थांबणेही नाही, हे मला सुचले नव्हते.

त्याहून मोठी गोष्ट समोर कोण बसले आहे ही. शेअर बाजारात आपण विकतो तेव्हा घेणारा दुसरा कुणी असतो, बाजार मधला. या मंचांवर बहुधा मंच हाच प्रतिपक्ष असतो. आपला तोटा हा त्याचा नफा, आणि भाव दाखवणारा पडदाही त्याचाच. अमेरिकेत २००८ साली अशा विकल्पांना नियमबद्ध शेअर बाजारांत प्रवेश मिळाला होता, तेव्हा हा करार मुळातच बेकायदा आहे असे नव्हे. पण पुढे त्याचा मोठा विस्तार झाला तो बाजाराबाहेर, परदेशांतून चालवल्या जाणाऱ्या मंचांवर. २०१३ मध्ये अमेरिकेच्या दोन नियामक संस्थांनी एकत्रितपणे नागरिकांना इशारा दिला : पैसे परत न करणे, ओळखपत्रे चोरणे, आणि ग्राहक हरावा अशा रीतीने संगणकप्रणालीच फिरवणे, अशा तक्रारी येत आहेत. या धंद्याचे एक मोठे केंद्र असलेल्या इस्रायलने ऑक्टोबर २०१७ मध्ये कायदा करून तो बंद केला. युरोपीय नियामकाने २ जुलै २०१८ पासून सामान्य ग्राहकांना हे विकल्प विकायला बंदी घातली. ब्रिटनने एप्रिल २०१९ मध्ये कायमची. ऑस्ट्रेलियाने मे २०२१ मध्ये. म्हणजे माझ्या टेबलावर ती पाने आली तेव्हा अर्धे जग या दुकानाला कुलूप लावून मोकळे झाले होते. इंग्रजीतले गिऱ्हाईक संपत आल्यावर मराठीची आठवण झाली असेल का, असे मला अलीकडे वाटते. भारतात कुठल्याही मान्यताप्राप्त शेअर बाजारात हे करार मिळत नाहीत. परकीय चलनाचे अनधिकृत व्यवहार करणाऱ्या मंचांची सावधयादी रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये प्रसिद्ध केली. मामांचा शेवटचा हप्ता त्याआधीच गेला होता.

माझे वडील सांगलीला हळदीच्या अडतीत दिवाणजी होते, त्यामुळे ‘वायदा’ हा शब्द मी बाराखडीबरोबर शिकले. सांगलीत हळदीचा वायदेबाजार होता. हरिपूरकडे जमिनीत खोल पेवे असत, अरुंद तोंडाची. त्यात हळद वर्षानुवर्षे टिके. (२००५च्या महापुरात त्यांतली पुष्कळशी गेली.) वायद्यातही अंदाज असे, लोभ असे, माणसे बुडतही. पण त्या कागदाच्या दुसऱ्या टोकाला कुठेतरी हळद होती. शेतकऱ्याला तीन महिन्यांनंतरच्या भावाची काळजी होती आणि कुणीतरी ती काळजी किंमत घेऊन उचलत होते. ‘किती’ या प्रश्नाला तिथे अर्थ होता, कारण क्विंटलमागे दहा रुपये आणि हजार रुपये यांत एका घराचे वर्ष मावत असे.

मालाचा धागा तुटला की काय होते हेही आपण पाहिले आहे. न्यूयॉर्कहून तारेने येणाऱ्या कापसाच्या खुलत्या आणि बंद होत्या भावांवर मुंबईत आकडा लावला जाई. तो आधार सुटल्यावर १९६०च्या दशकात मडक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या. कापूस गेला, ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ हे शब्द तेवढे उरले. कलकत्त्याच्या बडाबाजारात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पावसावर सट्टा चाले : ठरलेल्या वेळेत पाऊस पडेल की नाही. हो किंवा नाही! तो बंद करायला १८९७ मध्ये खास कायदा करावा लागला. तेव्हा द्विमान विकल्प ही संगणकाची देणगी नव्हे. १८७२ च्या आपल्या करारविषयक कायद्याचे तिसावे कलम पैजेचा करार शून्यवत ठरवते. जुन्या लोकांनी त्याला पैज म्हटले, मी विकल्प म्हटले. नवे नाव ठेवण्याचे काम मात्र माझ्यासारख्या भाषावाल्या माणसाकडे आले होते.

यंत्रावर सगळा दोष टाकून मोकळे होता येत नाही. संगणकाने चालणारे व्यवहार ही आज रीतसर बाजाराचीच पद्धत आहे. मोठ्या संस्थांची यंत्रे डोळ्याची पापणी लवायच्या आत सौदे करतात, तीही चुकतात. अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या पेढीने १ ऑगस्ट २०१२ रोजी सदोष प्रणालीपायी पाऊण तासात सुमारे ४४ कोटी डॉलर घालवले. पण सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासात याहून बोलका आकडा आहे. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअरांच्या वायदे आणि विकल्प व्यवहारांत उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्क्यांनी पैसे गमावले. २०२३-२४ मध्ये परदेशी गुंतवणूक संस्थांच्या नफ्यापैकी ९७ टक्के, आणि स्वतःच्या पैशाने व्यवहार करणाऱ्या पेढ्यांच्या नफ्यापैकी ९६ टक्के, संगणकीय व्यवहारांतून आला. हे सगळे कायद्याच्या चौकटीतल्या बाजाराचे आकडे आहेत. यंत्र कमावते हे खरे. ज्याचे यंत्र त्याच्यासाठी कमावते. द्यूतसभेत पण दुर्योधनाचा असतो आणि फासे शकुनी टाकतो, हे आपण वर्गात शिकवतो. मामांच्या डावात युधिष्ठिराच्या वतीनेही शकुनीच फासे टाकीत होता, आणि युधिष्ठिराला त्याची जाहिरात ‘तुम्ही निवांत झोपा’ अशी करण्यात आली होती.

जुगारावरचे साहित्य आपल्याकडे थोडे नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या अक्षसूक्तापासून दस्तयेवस्कीच्या ‘जुगारी’पर्यंत आपण ते शिकवतो, आणि त्यात जुगाऱ्याच्या मनाचे पदर उलगडतो. पण फासे कुणी घडवले आणि खेळाचे नियम कुणाच्या अक्षरात लिहिले होते, हा प्रश्न मी आजवर कुठल्याही वर्गात विचारला नव्हता.

माझी चूक कोणती, यावर मी पुष्कळ विचार केला. फसवणूक करणारे दुसरेच होते. माझा विद्यार्थी पोटासाठी काम करीत होता, आणि त्यालाही मोबदला अर्धाच मिळाला. माझी दुरुस्ती झाली नसती तरी पुस्तिका निघालीच असती. हे सगळे खरे आहे. पण ‘मिळू शकण्याची शक्यता’ या कुरूप शब्दसंहतीत जी थोडीशी सत्यता शिल्लक होती, ती मी भाषेच्या नावाखाली पुसली. त्या डळमळीत क्रियापदांना डळमळण्याचे कारण होते. इंग्रजीतल्या कुणा वकिलाने स्वतःच्या बचावासाठी का होईना, ती ‘शक्यता’ तिथे ठेवली होती. विद्यार्थ्याने ती इमानाने मराठीत आणली आणि मी शैलीसाठी ती काढली. संकल्प-विकल्प ही जोडी आपल्या परंपरेत मनाचा धर्म मानली जाते. मामांच्या मनात विकल्प येणे त्या क्षणी फार गरजेचे होते, आणि विकल्प म्हणजे शंका नव्हे हे त्यांना मीच समजावून सांगितले होते.

उपयोजित मराठीच्या अभ्यासपत्रिकेत मी जाहिरातलेखन, अनुवाद आणि मुद्रितशोधन शिकवते. त्या कच्च्या अनुवादाची पाने, माझ्या तांबड्या खुणांसकट, विद्यार्थ्याकडून परत मागून घेतली आहेत. गेली दोन वर्षे ती मी वर्गात वाटते आणि विचारते की यातली कोणती दुरुस्ती करू नये. मुले पहिल्या दिवशी व्याकरणाच्याच चुका शोधतात. दुसऱ्या दिवशी एखादी मुलगी विचारते, “मॅडम, पण हा नफा देतो कोण?” तास तिथून सुरू होतो.

मामा २०२४च्या जूनमध्ये निवृत्त झाले. निरोपसमारंभाच्या आदल्या दिवशी मी ग्रंथालयात गेले आणि त्यांना सगळे सांगितले : विद्यार्थी, तीन संध्याकाळी, ते पहिले वाक्य. ते परत आलेल्या पुस्तकांची कार्डे खिशांत सारत होते. हात थांबला नाही. थोड्या वेळाने म्हणाले, “तुम्ही भाषाच तपासली होती ना मॅडम. तरीच चूक एकपण नव्हती.”

ते रागाने म्हणाले की समजुतीने, हे मला आजही सांगता येत नाही. स्लॅब अजून पडलेला नाही.